बिनसेलाची गाडी

“परत वाच,” माणिकराव म्हणाले.

रुख्मिणीने सुस्कारा सोडून परत वाचलं. “दोन यंत्रांची टक्कर झाल्यास धडक देणाऱ्या यंत्राचे दोन गुण कापण्यात येतील.”

“अन् धडक खाणाऱ्याचे?”

“त्याचं काई जात नाई, बाबा.”

माणिकरावांनी डोळे बारीक केले. हिवरदरी बुद्रुकच्या शाळा समितीचे ते अध्यक्ष होते आणि सरळ दिसणाऱ्या गोष्टीवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. एसटी वेळेवर आली तर आज ड्रायव्हरला काय घाई आहे, असं ते विचारायचे. भाजीवालीने जास्तीची मेथी घातली तर ते जुडी सोडून बघायचे. हा नियम तर उघड उघड कोणीतरी कोणासाठी तरी केलेला होता. तो कोणी आणि कोणासाठी, एवढंच शोधायचं बाकी होतं.

प्रकरण होतं विज्ञान प्रदर्शनाचं. दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष, संक्रांतीचे दिवस. नाल्याच्या अलीकडच्या हिवरदरी बुद्रुकची शाळा आणि पलीकडच्या हिवरदरी खुर्दची शाळा, अशा दोघींचं मिळून एकच प्रदर्शन यंदा बुद्रुकच्या शाळेच्या ओट्यावर भरणार होतं. त्यातून एक चालतं यंत्र आणि एक नवा शोध निवडून अकोल्याला पाठवायचा होता. शोधाच्या विभागात दोन्ही शाळांनी मिळून सात मडकी ठेवली होती आणि सातही मडकी गढूळ पाणी स्वच्छ करणारी होती. त्यामुळे शोधाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांचा जीव चालत्या यंत्रात होता.

खेळ तसा सोपा होता. ओट्यावर खडूने मोठा चौकोन आखायचा आणि मध्ये रेती भरलेल्या काडेपेट्या ठेवायच्या. दोन्हीकडच्या पोरांनी आपापली घरी केलेली गाडी चौकोनात सोडायची आणि काडेपेट्या ढकलत आपल्या कोपऱ्यात न्यायच्या. एक पेटी म्हणजे एक गुण. गाडीला हात लावायचा नाही. पुढच्या चाकाला बांधलेल्या दोऱ्या मात्र लगामासारख्या हातात धरता येत.

रुख्मिणीची गाडी देखणी होती. हिंगोलीच्या बाजारातल्या एका मोडक्या खेळण्याची मोटर, दौतीच्या झाकणांची चाकं आणि बॅटरीचे दोन सेल. सेलांची डबी वायरीने गाडीला जोडलेली, तिच्यावर बटन. दहावीतल्या या पोरीने दिवाळीपासून दुसरं काही केलं नव्हतं. तिने अकोला पाहिलेलं नव्हतं. रिसोडच्या पलीकडचं जग म्हणजे तिच्यासाठी भूगोलाचं पुस्तक. “जितली तं जाशीन,” असं माणिकराव एकदा बोलून गेले होते आणि तेव्हापासून ती झोपेतसुद्धा काडेपेट्या ढकलत होती.

“पेट्या ढकलायच्या नाईत,” माणिकरावांनी आता जाहीर केलं.

“म्हंजे?”

“पेटीचा एक गुण. धडक खाल्ली तं समोरच्याचे दोन जातेत. मंग मेहनत कायले करायची? आपली गाडी मधात नेऊन उभी करायची. थे खुर्दवाले पेट्यांच्या मागं पयतीन अन् आपल्यावर येऊन आदळतीन.”

“पण बाबा, मले ढकलता येतेत ना पेट्या. बम झपाट्यानं येतेत.”

“तुले येतेत हे तुह्या मामाले माईत हाय. म्हणूनच त्यानं हा नियम करून घेतला असन.”

मामा म्हणजे खुर्दचे सरपंच जानराव, माणिकरावांच्या बायकोचे, दुर्गाबाईंचे, सख्खे भाऊ. ते आदल्या दिवशी बहिणीला हुरडा द्यायला आले होते. गेली अठरा वर्षं ते दर संक्रांतीला हुरडा देत होते. पण या वर्षीच्या हुरड्याकडे माणिकराव निराळ्या नजरेनं बघत होते.

“तुह्या भावानं गाडी पाह्यली काय?” त्यांनी बायकोला विचारलं.

“पाह्यली असन. पाटावर तं होती.”

“काय म्हणे?”

“काई नाई. छान हाय म्हणे.”

“छान हाय म्हणे,” माणिकराव हळूच म्हणाले आणि त्यांनी गाडीवर गोणपाट टाकलं. त्यानंतर दोन दिवस दुर्गाबाई त्या खोलीत तेल-मिठाला गेल्या तरी माणिकराव दारात उभे राहत. बाईमाणसाचं माहेर खुर्दचं, आणि माहेरची ओढ काय असते ते त्यांना ठाऊक होतं. दुर्गाबाईंना एवढा राग आला की त्यांनी हुरडा एकटीने संपवला.

परीक्षक म्हणून रिसोडहून देवमन सर येणार होते. विज्ञानाचे शिक्षक, बारीक चणीचे, शांत. दोन्ही गावांत त्यांचं कोणी नव्हतं, म्हणून तर त्यांना बोलावलं होतं. पण ते एसटीतून खुर्दच्या फाट्यावर उतरले, कारण फाटाच खुर्दचा होता, आणि ही बातमी माणिकरावांना सर नाला ओलांडायच्या आत कळली. माणिकराव चहा घेऊन सामोरे गेले. तिकडून जानरावही चहा घेऊन मागोमाग येत होते. सरांनी दोन्ही कपांकडे पाहिलं आणि दोन्ही नको म्हणाले. त्यामुळे तर दोन्ही गावांचा संशय पक्का झाला. आधीच कुठंतरी पोट भरून आलेला माणूसच चहाला नको म्हणतो.

दुपारी ओटा माणसांनी भरून गेला. ओटा नवा होता, दुष्काळाच्याच वर्षी शाळा समितीने बांधलेला, परमिटची सिमेंट आणून. त्याच वर्षी माणिकरावांच्या घरची न्हाणीही झाली होती, पण ते असो. बाजू निवडायची पाळी आली तेव्हा माणिकरावांनी शाळेच्या भिंतीकडची बाजू मागितली. पाठीमागे भिंत असली की मागून कोणी काही करू शकत नाही, असा त्यांचा हिशोब.

रुख्मिणी कुजबुजली, “बाबा, तिकडची नका घेऊ. तिकडून गाडी…”

“तू गप. तिकडं काहून नाई पाह्यजे? मामानं सांगतलं?”

रुख्मिणीने गाडी चौकोनात आणली आणि काडेपेट्यांच्या बाजूला उभी केली. समोरून खुर्दच्या तांड्यावरचा सेवालाल आपली गाडी घेऊन आला. तो अकरावीतला, हाताने हुशार. त्याच्या गाडीत गजराच्या घड्याळाची स्प्रिंग होती आणि पितळी चावी. त्यानेही गाडी आणली, पेट्यांच्या दुसऱ्या बाजूला उभी केली आणि दोऱ्या धरून बसला.

देवमन सरांनी शिट्टी वाजवली.

कोणी हललं नाही.

सरांना वाटलं पोरांना ऐकू गेली नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. “सुरू करा.”

“आमचं सुरूच हाय,” माणिकराव म्हणाले.

“आमचंबी,” समोरून जानराव म्हणाले.

तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही कळलं की नियम दोन्ही गावांत सारखाच वाचला गेला आहे. माणिकरावांनी ताबडतोब मान वळवून बायकांच्या घोळक्यात बसलेल्या दुर्गाबाईंकडे पाहिलं. दुर्गाबाईंनी तोंड दुसरीकडे फिरवलं. माणिकरावांच्या मते हा पुरावाच होता.

वेळ जात होता. गाड्या समोरासमोर उभ्या होत्या. मधल्या काडेपेट्यांना कोणी विचारत नव्हतं. सेवालालचे हात शिवशिवत होते. त्याने दोरी जराशी चाळवली की जानराव खेकसत, “हालू नको. त्यायले येऊ दे.” रुख्मिणीचा अंगठा बटनावर होता आणि डोळे पेट्यांवर. एका दमात तिने तीन पेट्या नेल्या असत्या, हे तिला दिसत होतं. मागे बापही दिसत होता.

“ही यंत्रायची स्पर्धा हाय ना?” गर्दीतून कोणीतरी विचारलं.

“हो ना. तं?”

“नाई, मले वाटलं फोटो काढून राह्यले.”

इतक्यात जानराव ओरडले, “सर, पोट्टी बटन दाबून राह्यली. गाडी सरकवते अन् धडक आमच्या नावावर टाकते.”

“माही पोरगी बटन दाबत नाई,” माणिकराव म्हणाले.

“मंग अंगठा कायले ठेवला तिनं?”

माणिकरावांना अपमान सहन होत असे, पण संशय सहन होत नसे. तो फक्त त्यांनी घ्यायचा असे. ते चौकोनात शिरले, डबी उघडून दोन्ही सेल काढले आणि सगळ्यांना दाखवून आपल्या खिशात घातले. वायरही सोडून टाकली. “घ्या. आता?”

“आता थे दोऱ्या ओढन.”

“दोऱ्या सोड,” माणिकरावांनी पोरीला हुकूम केला.

“बाबा, दोऱ्या नका सोडाले लावू. म्या धरून ठेवली हाय तिले.”

“धरलीच काहून? त्यायले बोलाले जागा होते. सोड अन् हात वर कर.”

रुख्मिणीने बापाकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं, आणि दोऱ्या सोडून हात वर केले. जानराव मागे राहणारे नव्हते. त्यांनी सेवालालच्या गाडीची चावी काढून देवमन सरांच्या हातात दिली. चावी निघाल्यावर त्या गाडीची चाकं गच्च झाली. आता चौकोनात एक बिनसेलाची आणि एक बिनचावीची अशा दोन गाड्या होत्या आणि दोन्ही गावं श्वास रोखून त्यांच्यात धडक व्हायची वाट बघत होती. देवमन सरांनी हातातल्या चावीकडे पाहिलं. चहा घेतला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

वेळ संपत आल्याची खूण म्हणून शिपायाने लोंबत्या रुळाच्या तुकड्यावर टोला हाणला. त्या हादऱ्याने म्हणा, की निघायची वेळ झाली होती म्हणून म्हणा, रुख्मिणीची गाडी हलली.

आधी ती एवढीशी हलली. मग थांबली. मग जणू काही आठवल्यासारखी पुन्हा निघाली आणि काडेपेट्यांमधल्या मोकळ्या जागेतून अगदी सावकाश खुर्दच्या गाडीकडे जायला लागली.

“थांबव तिले,” माणिकराव म्हणाले.

“हात लावाले मनाई हाय,” रुख्मिणी हात तसेच वर ठेवून म्हणाली.

“दोरी धर.”

“तुमीच सोडाले लावली. आता धरली तं मामा म्हणतीन ओढली.”

माणिकराव गुडघ्यावर बसले. “हो, हो, हो,” त्यांनी गाडीला बैलासारखं दटावलं. ते सरकत सरकत तिच्या बाजूने चालले. गाडी ऐकणारी नव्हती. एवढ्या सावकाश जाणारी धडक बुद्रुकने कधी पाहिली नव्हती. मागच्या लोकांना पुढे येऊन बघायला वेळ मिळाला. शेवटी ‘टुक’ असा आवाज झाला आणि रुख्मिणीची गाडी सेवालालच्या गाडीला टेकून उभी राहिली.

“धडक,” जानराव शांतपणे म्हणाले.

“बुद्रुकचे दोन गुण वजा,” देवमन सर म्हणाले. “खुर्द शून्य. म्हंजे खुर्द पुढं.”

“कशी धडक?” माणिकराव उठले. “सेल माह्या खिशात, दोऱ्या जमिनीवर. गाडी नाई चालली, सर. ओटा चालला. ओट्याले ढाळ हाय.”

हे बोलणं सरांना पटलं. कितीतरी वेळाने कोणीतरी विज्ञानाचं बोललं होतं. “बरोबर हाय. ढाळ असन तं धडक तिची नाई. गुण परत, अन् खेळ पुन्हा पयलेपासून. एक लोटा पाणी आणा. ओतलं की कळन.”

रुख्मिणीचा चेहरा उजळला. खेळ पुन्हा झाला तर या वेळी ती बापाचं ऐकणार नव्हती. शिपाई पाणी आणायला निघाला. माणिकरावांनी विजयाने जानरावांकडे पाहिलं, आणि जानराव हसत आहेत हे बघून ते जागीच थबकले.

“पाणी टाकाच,” जानराव म्हणाले. “पण भाऊजी, मले एक समजत नाई. दोन वर्षांचा ओटा. परमिटची सिमीट. ढाळ पडला कसा?”

“पडते कधी कधी.”

“खालचा मुरूम बसला असन. नाई तं वरतं सिमीट कमी पडली असन. सर, असं करू. एक कोपरा उकरून पाहू. सब्बल आणा रे कोणी. विज्ञानाचंच काम हाय.”

खुर्दचे दोघे जण सब्बल आणायला उठलेसुद्धा. बुद्रुकच्या लोकांनी त्यांना अडवलं नाही, उलट शाळेची लोखंडी पहार कुठे असते ते सांगितलं. कारण ओट्याची सिमेंट हा विषय बुद्रुकमध्ये दोन वर्षं हळू आवाजात चाललेला होता. माणिकरावांना घाम फुटला.

“तुमच्या इथं सिमीट लय पक्की हाय बाप्पा,” बायकांच्या घोळक्यातून खुर्दची एक म्हातारी दुर्गाबाईंना म्हणाली.

“मंग,” दुर्गाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. तेल-मिठाचा राग अजून गेला नव्हता. “आमची न्हाणी पाहा एकदा येऊन. एक थेंब थांबत नाई. अस्सा सरका मोरीत जाते.”

शिपाई लोटा घेऊन आला. मागून सब्बल येत होती.

“थांबा,” माणिकराव म्हणाले. “पाणी कायले पाह्यजे? ओटा सपाट हाय.”

“सपाट?” सरांनी विचारलं.

“म्या सोता उभा राहून बांधून घेतला. सपाट हाय.”

“मंग धडक?”

माणिकरावांनी पोरीकडे बघायचं टाळलं. “धडक आमचीच.”

रुख्मिणीचे वर धरलेले हात आता कुठे खाली आले. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. दिवाळीपासूनच्या संध्याकाळी, दौतीची झाकणं, भाजलेली बोटं, सगळं न्हाणीच्या मोरीतून वाहून गेलं होतं, आणि का गेलं हे तिला त्या ओट्यावरच्या प्रत्येकाइतकंच स्पष्ट कळलं होतं. दुर्गाबाईंना आपण बोललो ते फार झालं असं वाटलं. माणिकरावही पोरीकडे एक पाऊल सरकले. पण सब्बल अजून तिथेच उभी होती.

रुख्मिणीने ओढणीने डोळे पुसले. मग म्हणाली, “सर, एक विचारू?”

“विचार.”

“ओटा सपाट हाय, हे नक्की झालं?”

“तुह्या बाबानं सांगतलं. झालं नक्की.”

“सेल बाबाच्या खिशात होते. सगळ्यायनं पाह्यलं. दोऱ्या सुटेल होत्या. मंग माही गाडी चालली कशी?”

देवमन सरांनी वाकून गाडीच्या खाली पाहिलं.

“सपाट जमिनीवर, बिनसेलाची, बिनचावीची, कोणं हात न लावता चालली,” रुख्मिणी म्हणाली. “टक्कर आमी हारलो, सर. थे खुर्दवाल्यायनं घेऊन जा. पण असं यंत्र आजपर्यंत कोणं केलं हाय काय? शोधाचा विभाग अलग हाय ना?”

सरांनी सातही मडक्यांकडे एक नजर टाकली. त्यांच्या मिशीच्या एका टोकाला काहीतरी व्हायला लागलं होतं, ते त्यांनी हाताने दाबलं. “परत चालन काय?”

रुख्मिणीने गाडी उचलून भिंतीकडे ठेवली. दोऱ्या सोडल्या. गाडी हलली, थांबली आणि सावकाश निघाली. ती त्याच वाटेने, त्याच कोपऱ्याकडे गेली. बुद्रुकची तमाम पोरं दोन वर्षं याच ओट्यावर गोट्या खेळत होती आणि गोट्या कुठे जातात ते त्यांना माहीत होतं. पण एकही पोरगा बोलला नाही. गाडी कोपऱ्यात पोचली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

“हे लबाडी हाय,” जानराव उसळले. “बिनसेलाची गाडी चालते काय कुठं? पाणी टाका, सर. ढाळ हाय ओट्याले.”

“टाकतो,” सर म्हणाले आणि त्यांनी शिपायाच्या हातून लोटा घेतला. “पण जानराव, ढाळ निघाला तं धडक रद्द होते. दोन गुण परत, खेळ पुन्हा. मंग अकोल्याले कोण जाईन ते आज सांगता येत नाई. टाकू?”

जानरावांनी लोट्याकडे पाहिलं. सेवालालकडे पाहिलं. सेवालालने रुख्मिणीकडे पाहिलं. ती पेट्या किती झपाट्याने ढकलते ते त्याला कोणीतरी सांगितलेलं असावं, कारण तो जानरावांच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

“नका टाकू,” जानराव म्हणाले. “सपाटच हाय ओटा.”

“पक्कं?”

“भाऊजीनं बांधला हाय. सपाटच असन.”

“माणिकराव?”

“सपाट हाय,” माणिकराव म्हणाले. “अन् माह्या पोरीची गाडी चालते. ज्याले शक असन त्यानं पुढं यावं.”

कोणी पुढे आलं नाही. ओट्यावरच्या साऱ्या माणसांनी ज्या एका गोष्टीवर एकमताने विश्वास ठेवला अशी ती बुद्रुकच्या इतिहासातली पहिलीच गोष्ट असेल, आणि ती धादांत खोटी होती. देवमन सरांनी लोट्यातलं पाणी पिऊन टाकलं. चालतं यंत्र म्हणून सेवालालची गाडी आणि नवा शोध म्हणून रुख्मिणीची गाडी, अशा दोन्ही अकोल्याला जातील असं त्यांनी जाहीर केलं. मग दोन्हीकडचा चहा मागवला आणि दोन्ही कप घेतले.

उन्हं उतरल्यावर माणिकराव पोरीला घेऊन घरी निघाले. दुर्गाबाई भावाशी बोलत मागे राहिल्या होत्या, आणि आज माणिकरावांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. रुख्मिणी गाडी छातीशी धरून चालत होती.

“रुख्मिणी,” वाटेत माणिकराव म्हणाले, “खरं सांगजो. गाडी तिकडं जाते हे तुले आधीच ठाऊक होतं ना?”

“कसं ठाऊक असन, बाबा?” ती म्हणाली. “ओटा तं सपाट हाय.”

माणिकरावांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. तिचा चेहरा अगदी सरळ होता. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या पोरीबद्दल दाट संशय आला, आणि त्याबरोबर थोडा अभिमानही वाटला. मग दुसरीच काळजी त्यांच्या मनात शिरली. त्यांनी खिशात हात घातला, दोन्ही सेल काढले आणि तिच्या तळहातावर ठेवले.

“हे राहू दे जवळ. कोणाले न दिसता आतून बसवता येते काय पाह्य.”

“काहून?”

“अकोल्याचं काई सांगता येत नाई,” माणिकराव म्हणाले. “तिथं कोणं इमानदारीनं बांधला असला ओटा, म्हंजे?”